सकाळच्या गाडीने

तुलसी नगर, भोपाळ
१३ नोव्हेंबर २०२४

ती. सिंधूमावशीस,
मंजूचा नमस्कार.

फोनवर तुझं श्रवणयंत्र शिट्टी मारतं आणि तू "नेटवर्क नाही गं" म्हणून ठेवून देतेस. शेवटी तुझा भाचा चिन्मयच म्हणाला, "ताई, तिला पत्र लिहा, ती दिवसभर वाचत बसेल." म्हणून हे पत्र.

आम्हाला मिळालेलं नवं क्वार्टर आपल्या जुन्या घरांपासून दोनच ओळी पलीकडे आहे. ऑफिसला जाताना रोज तिथून जाते. तुझ्या दारातलं जांभळीचं झाड अजून आहे. आईच्या आणि तुझ्या स्वयंपाकघरामधली ती भिंत आठवते? लाटण्याने दोन ठोके म्हणजे चहा झाला, तीन म्हणजे लवकर ये. परवा उगाच तिथे थांबले, तर आतून एक बाई म्हणाली, "किससे मिलना है?" पुढे निघाले.

आता मुद्द्याचं. ऑफिसात आम्हा सेक्शनवाल्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, 'संवाद कौशल्य' या विषयावर. दोघादोघांना समोरासमोर बसवलं. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. माझ्यासमोर आमचा आशिष, सेक्शनमधला सगळ्यात नवा. तिसऱ्या मिनिटाला थांबला आणि म्हणाला, "मॅडम, अब आप ही बोल लीजिए. आपके होंठ चल रहे हैं." सगळे हसले. मीही हसले. मग तो हळूच म्हणाला, "आप हमारा वाक्य पूरा कर देती हैं, मॅडम. ज़्यादातर सही ही करती हैं."

हे तुला गंमत म्हणून लिहिलं असतं. पण सायली घर सोडून गेली आहे. घाबरू नकोस, इथेच करोंदला तिच्या बुआकडे, शैलेंद्रच्या बहिणीकडे आहे. झालं असं की स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधून फोन आला, मुलगी दोन महिने आलेली नाही. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तीन बार बताया, मम्मी." मी आठवत बसले. एकदा मटार सोलताना तिने "मम्मी, मुझे लगता है कि मैं" एवढं म्हटलं होतं, आणि मी म्हटलं होतं, "दमली आहेस, रविवारी झोप काढ." बाकीच्या दोन वेळा मला आठवतसुद्धा नाहीत.

मग प्रशिक्षणात शिकवलं तसं केलं. मान हलवत म्हटलं, "म्हणजे तुला असं म्हणायचं आहे का की..." तिने हात जोडले. "मम्मी, प्लीज़, ये ट्रेनिंग वाली आवाज़ मत निकालो." भाऊबीजेला शैलेंद्रबरोबर बुआकडे गेली, ती परत आलीच नाही. शैलेंद्र दर दोन दिवसांनी जाऊन तिला भेटतो आणि येऊन मला काहीच सांगत नाही. माझा फोन ती घेते, "हां", "ठीक", "खा लिया" म्हणते आणि ठेवते. वीस वर्षांची मुलगी माझ्याशी हजेरी लावल्यासारखी बोलते.

मावशी, तू पस्तीस वर्षं स्टेनो होतीस. एवढे साहेब ऐकलेस. मला सांग, ऐकायचं कसं? मला ती परत हवी आहे.

तुझी,
मंजू


नागपूर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, पण चांगलं वाटलं. चिन्मय म्हणतो, मावशी, आता तू आठवडाभर हवेत असणार.

मुलीची काळजी करू नकोस. बुआकडे आहे म्हणजे घरीच आहे. या वयात तूही काही कमी नव्हतीस. शैलेंद्रशी लग्न करून जबलपूरला निघून गेलीस तेव्हा तुझ्या आईने, रत्नप्रभेने, तीन दिवस माझ्याशीसुद्धा अबोला धरला होता, जणू मीच तुला स्टेशनवर सोडून आले.

आता ऐकण्याचं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की मान खाली ठेवा. साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहिलंत की हात थांबतो. तो काय म्हणेल याचा अंदाज बांधू नका, तो म्हणाला की लिहा. दोन शब्दांनी मागे राहा, पुढे जाऊ नका. तू पुढे जातेस, तिथेच घोटाळा होतो.

पण खरी कला त्यानंतरची. साहेब लोक कसे बोलतात ठाऊक आहे? "लिहा, यांना कळवा, नाही, कळवू नका, विचारा, अरे तो पंखा कमी करा, तर काय, हां, विचारा." यातून पत्र काढायचं म्हणजे गव्हातून खडे काढण्यासारखं. माझा कागद गेला की साहेब वाचून म्हणायचे, "वा, मैंने इतना अच्छा बोला था?" मी म्हणायचे, जी सर. माणूस शंभर शब्द बोलतो, त्यातले दहा त्याच्या कामाचे असतात. ते दहा कोणते हे कळणं म्हणजे ऐकणं. सायलीशी तसंच कर. ती बोलेल ते सगळं मनाला लावून घेऊ नकोस, त्यातलं मुद्द्याचं तेवढं घे.

तुझ्या आईचं शेवटचं पत्रच बघ ना. बिचारी दोन तास बोलत होती. इकडचं तिकडचं, पुढचं मागचं. मी ते एका पानात बसवलं. किती नेटकं झालं होतं. आजही आठवलं की समाधान वाटतं की तिच्या उपयोगी पडले.

थंडीत कान बांधत जा. बिट्टन मार्केटच्या हाटात हिरवे हरभरे आले असतील. इथे मिळतात, पण ती चव नाही.

तुझी,
सिंधूमावशी


नागपूर
२२ डिसेंबर २०२४

चि. मंजूस आशीर्वाद.

महिना झाला, तुझं पत्र नाही. माझं मिळालं नसेल, किंवा विधानसभेच्या अधिवेशनात अडकली असशील. डिसेंबरात आम्हीही डबा उभ्यानेच खायचो.

माझा सल्ला कामी आलेला दिसतो. सायली परत आली असेल आणि मायलेकी माझी आठवणही न काढता गप्पा मारत असतील. मला चालेल. चिन्मयबरोबर तिळाच्या वड्या पाठवणार आहे, त्यातल्या चार तिच्यासाठी वेगळ्या बांधल्या आहेत.

दोन ओळी टाक.

सिंधूमावशी


तुलसी नगर, भोपाळ
४ जानेवारी २०२५

ती. सिंधूताईंस,
सा. न.

आपली दोन्ही पत्रं मिळाली. सायली करोंदलाच आहे.

उत्तराला उशीर झाला, कारण तुमच्या पहिल्या पत्रातली एक ओळ वाचून मी पेटी काढली आणि आईचं ते पत्र शोधलं. ते तुम्ही टाइप केलंत हे मला ठाऊक होतं. शब्द तुमचे आहेत हे ठाऊक नव्हतं. पूर्ण पत्र इथे उतरवते. लांब नाही.

"चि. सौ. मंजूषा हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या निर्णयाबद्दल माझ्या मनात आता कोणतीही नाराजी नाही. माझी प्रकृती साधारण आहे. उन्हाळा तीव्र असल्याने प्रवासाची घाई करू नये. सवडीने यावे. उभयतांस शुभाशीर्वाद."

खाली वाकडीतिकडी सही. तेव्हा मला वाटलं, तिने घाईत केली असेल. जसं एखाद्या परिपत्रकावर करतात.

आठ महिने आमचा अबोला होता. आम्ही राहायचो तिथे फोन नव्हता. मे महिन्यात हे पाकीट आलं, ते मी जिन्यात उभी राहूनच फोडलं आणि वाचून शैलेंद्रला म्हटलं, "बघ, माझ्या आईने मला उत्तर पाठवलंय. जावक क्रमांक घालायचा राहिला फक्त." मला इतका राग आला की मी ते अक्षरशः पाळलं. सवडीने यायचं ठरवलं. अकराव्या दिवशी खालच्या दुकानात फोन आला. तिचा उजवा हात महिनाभर लुळा होता, हे मला भोपाळला पोचल्यावर कळलं. ती अंगणात होती तेव्हा. चादरीखाली.

एकवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आईने मला बोलावलं नाही. सायलीलाही तसंच सांगितलंय.

तुम्ही लिहिता, ती दोन तास बोलत होती. त्या दोन तासांत ती काय म्हणाली, एवढंच मला विचारायचं आहे. आठवत नसेल तर तसं कळवावं.

मंजूषा

तिळाच्या वड्या मिळाल्या. सायलीच्या चार शैलेंद्रने तिला नेऊन दिल्या.


नागपूर
११ फेब्रुवारी २०२५

मंजू,

तू मला 'सिंधूताई' लिहिलंस. ते मी ठेवून घेतलं. मी तेवढं देणं लागते.

आठवत नाही, असं लिहिता आलं असतं. माझं वय अठ्ठ्याहत्तर, कुणीही विश्वास ठेवला असता. पण वही आहे. ऑफिसच्या वह्या आम्ही नष्ट करायचो, ही घरची होती, ट्रंकेत तळाशी होती. चिन्मयने काढून दिली.

शॉर्टहँड दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, आणि वीस वर्षांनी स्वतःलाही येत नाही. आम्ही शिकलो ती लिपी हिंदीची. मराठीसाठी मी माझ्या खुणा केल्या होत्या, ळ साठी एक उलटी रेघ. रोज सकाळी उन्हात बसून दोन-तीन ओळी लागायच्या. महिना गेला. ज्या खुणा लागल्या नाहीत, तिथे जागा सोडली आहे. माझ्या मनाने भरलेलं नाही.

वहीत मधे मधे छोटे गोल आहेत. बोलणारा थांबला की मी गोल काढायचे, सवयीने. साहेब खोकले तरी गोल. ते टाइप करायचे नसतात. रत्नप्रभेच्या पानांवर गोलच गोल आहेत. ते मी या वेळी घातले आहेत.

"लिही. मंजू. ० ० काय लिहू गं सिंधू. मी बरी आहे लिही. नको, ओळखेल ती. बरी नाहीये लिही. ० घाबरेल. राहू दे ते. ० तिला विचार, कढीपत्ता लावला का कुंडीत. तिकडे मिळतो का कोण जाणे. ० ० तो मुलगा. शैलेंद्र. ० तो आमटी खातो का विचार. त्यांच्यात डाळीत गूळ नसतो. तिला सवय आहे गुळाची, त्याच्यासाठी सोडेल ती. सोडू नको म्हणावं. थोडा घालायचा, कळत नाही. ० ० ० मी रागावले नव्हते असं लिही. ० रागावले होते गं. पण आता नाही लिही. शाळेत पोरांवर रागवायचे तसं थोडंच असतं, घंटा झाली की संपलं. ० ती लहानपणी ........ आणि मी हसले होते. ते लिहू नको. ० ० तिला म्हणावं ये. ० नको, ऊन फार आहे. नवी नोकरी, रजा कुठली मिळणार. राहू दे, सवडीने येईल. ० ० ० ० ये म्हणावं. सकाळच्या गाडीने ये, म्हणजे ऊन लागणार नाही. मी दुपारी जेवायची थांबते म्हणावं. ० पाणी दे जरा. ० लिहिलंस? वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं नाही. "टाइप करून आणते," म्हटलं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेले, वाचला. ती म्हणाली, "किती छान लिहितेस गं. मला असं बोलता आलं असतं तर पोरगी गेलीच नसती." आणि डाव्या हाताने सही केली. मला त्या वेळी वाटलं, ही माझी स्तुती आहे.

'ये' आणि 'नको' दोन्ही होतं. साहेब एकदा हो, एकदा नाही म्हणाले, तर शेवटचं धरायचं, हा नियम. शेवटचं 'ये' होतं. पण मला वाटलं, उन्हाळा आहे, तुमचा अबोला आहे, असं एकदम 'ये' लिहिणं तिला शोभणार नाही. मी तिची अब्रू राखत होते.

तुला नोव्हेंबरात जे शिकवलं ते विसर. शंभरातले दहा शब्द कुठले, हे ठरवणारी मी कोण होते.

उत्तराची अपेक्षा करत नाही.

सिंधू


तुलसी नगर, भोपाळ
२ मार्च २०२५

सिंधूमावशी,

मी रागावले नव्हते असं लिहिणार होते. रागावले होते. तुझं पाकीट आलं, वाचलं, आणि तीन दिवस ऑफिसच्या पर्समध्ये घेऊन फिरले. जेवणाच्या सुट्टीत काढायचे, 'मी दुपारी जेवायची थांबते' इथपर्यंत वाचायचे आणि डबा तसाच बंद करायचे.

त्या तीन दिवसांत एकदा आशिष रजेचा अर्ज घेऊन आला. "मॅडम, वो घर पे थोड़ा..." म्हणून थांबला. मला माहीत होतं, वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन. तोंडावर आलं होतं. मी मनात एक गोल काढला. मग दुसरा. तो उभाच राहिला आणि मग म्हणाला की ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण त्याला आता हे काम करावंसं वाटत नाही. ते मला कधीच माहीत नव्हतं. "बैठो," म्हटलं. तो चाळीस मिनिटं बसला. फायली तशाच राहिल्या.

चौथ्या दिवशी करोंदला गेले. तिथल्या मंडीबाहेर गव्हाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, रिक्षा अर्धा तास हलली नाही. सीझन नुकता सुरू झालाय, सगळीकडे भुसा उडत होता. पूर्वी मी त्या अर्ध्या तासात सायलीशी काय काय बोलायचं याचे मुद्दे काढले असते. या वेळी तुझे कागद मांडीवर धरून बसले.

बुआने चहा दिला आणि शेजारी निघून गेली, समजूतदार बाई. सायली पलंगावर पाय घेऊन बसली होती. मी म्हटलं, "मी तुला काही विचारायला आले नाही. तुझ्या आजीचं पत्र आलंय, ते वाचून दाखवते." तिला वाटलं, माझं डोकं फिरलं. मी वाचलं. गोल आले की थांबले, जितके गोल तितका वेळ. तू रिकाम्या सोडलेल्या जागीही थांबले.

तिला मराठी पूर्ण समजतं, ती बोलत नाही. संपल्यावर म्हणाली, "आप तो कहती थीं, नानी ने बुलाया ही नहीं."

"मला तसंच वाटत होतं."

"और गुड़? आप डालती हैं?"

"थोडा. तुझ्या पप्पांना अजून कळलेलं नाही."

"पप्पा को सब पता है, मम्मी. बीस साल से चुपचाप खा रहे हैं." आणि ती हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

मग ती बोलायला लागली. "मम्मी, मुझे लगता है कि मैं" म्हणाली आणि तिथेच थांबली, मटार सोलताना थांबली होती तिथेच. मावशी, माझ्याजवळ तीन वाक्यं तयार होती. तिन्ही चांगली होती. खिडकीबाहेर एक माणूस पोत्यांवर ताडपत्री टाकत होता, मी त्याच्याकडे बघत बसले. त्याने चारी टोकं बांधली. तेव्हा कुठे ती पुढे बोलली.

ती काय म्हणाली ते तुला लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. लिहिलं की ते नेटकं होतं आणि तिचं राहत नाही. म्हणून लिहीत नाही. ती तुला स्वतः सांगेल, वेळ लागेल, पुढचं मागचं होईल, पण सांगेल.

परत कधी येतेस, एवढं मात्र मी विचारलंच. ती म्हणाली, "इतवार को. शायद." ते 'शायद' मी तसंच ठेवलं. घरी येऊन शैलेंद्रलाही 'शायद' सकट सांगितलं. शनिवारी तो बिट्टन मार्केटच्या हाटातून दोन किलो मटार घेऊन आला. काल संध्याकाळी आम्ही दोघं सोलत बसलो होतो. आज रविवार आहे. अजून सकाळच आहे.

आईने लहानपणीचं काहीतरी सांगितलं, आणि ती हसली होती. ती खूण लागली तर मला कळव. नाही लागली तरी चालेल. ती हसली होती एवढं मिळालं. वही मात्र टाकू नकोस, बरोबर आण.

हो, आण म्हटलं. मार्च संपेपर्यंत ऊन चढेल, चिन्मयला रजा मिळते की नाही ठाऊक नाही, आणि तुझे गुडघे आहेतच. ते सगळं मला कळतं, म्हणून 'सवडीने' लिहिणार होते. लिहीत नाही. आता आपल्यामध्ये ती भिंत नाही, नाहीतर तीन ठोके दिले असते.

ये. सकाळच्या गाडीने ये. आम्ही दुपारी जेवायचे थांबतो.

तुझी,
मंजू